टाकीखालची सुई

आमच्या इंदापूर तालुक्यात बारावी झालेला पोरगा एकतर उसात असतो, नाहीतर पोलीस भरतीच्या मैदानावर. माझा धाकटा भाऊ मैदानावर होता. मी नवऱ्याला सोडून माहेरी आलेली, म्हणून गोठा माझ्या गळ्यात पडला. जनावरांचा डॉक्टर बोलावल्यावर दोन दिवसांनी उगवायचा, तेव्हा टोचायला मीच शिकले. चार गायींना एकच सुई. गरम पाण्यातून काढायची, की पुढची गाय. आमच्याकडं गोठ्यागोठ्यात हेच चालतं, आणि भावानं लहानपणापासून तेच बघितलं होतं.

फळीवरच्या सुया कमी व्हायला लागल्या. मला वाटलं, शेजारीण नेत असेल. तिला मनातल्या मनात शिव्याही घालून झाल्या.

एका सकाळी भाऊ डबा विसरला, म्हणून मी मैदानावर गेले. तिथं कडेला बंद पडलेली पाण्याची टाकी आहे. तिच्याखाली लोक लघवीला जातात, कुत्री झोपतात, फुटक्या पाइपातून पाणी ठिबकत असतं. तिथंच चौघं बाह्या वर करून बसले होते. एकाची नजर रस्त्यावर, बाकीच्यांची घाई. भावानं माझ्याच फळीवरच्या सुईनं स्वतःला टोचलं, ती त्या ठिबकत्या पाण्याखाली धरली आणि पुढच्याला दिली. पायाशी पडलेल्या बाटलीवरचं नाव मी वाचलं; ऑपरेशनच्या वेळी रक्तदाब पडला तर देतात ते औषध होतं, हे मला नंतर कळलं. पोरांच्या लेखी ते फक्त दम न लागण्याचं इंजेक्शन.

मी ओरडले. भाऊ हसला.

"आक्का, आमी चौघं एका ताटात जेवतो. सुईनं काय हुतंय? आन् तू न्हाय का एकाच सुईनं सगळ्या गायी टोचत?"

खरं सांगायचं तर मला त्याला अडवायचंही नव्हतं. भरती तीन आठवड्यांवर आली होती. घरात एक खाकी वर्दी आली तर गावात माझ्याकडं बघायची नजर बदलेल, असा माझाही हिशेब होताच. "हातावर लाल झालंय, हळद लाव," एवढं बोलून मी डबा दिला आणि घरी आले. हळद! माझ्या अकलेची तेवढीच झेप.

आठ दिवसांनी मैदानावर धावताना तो शेवटच्या फेरीत छाती धरून पडला. एका ताटात जेवणारे तिघं त्याला तिथंच टाकून पळाले. शेजारच्या चहाच्या टपरीवरच्या बाईनं मला फोन केला. बारामतीला नेताना जीपमध्ये मी आईला सगळं सांगितलं. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला, मग काढला.

"डॉक्टरला काय बाय सांगू नगंस. झाकली मूठ सव्वा लाखाची. केस झाली तर भरती गेली पोराची."

डॉक्टरांनी विचारलं, काही घेतलंय का? मी म्हणाले, "न्हाय. उपाशी पळला, म्हणून चक्कर आली."

त्या एका वाक्यावर दोन तास गेले. भाऊ घामानं निथळत होता, ठोके मोजता येत नव्हते. शेवटी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि त्याचा दंड दाखवला. सुजून टरारलेला, आत पू.

"बाई, सुईतली घाण रक्तात गेलीय. काय टोचलंय ते कळलं नाही, तर मी देतो तेच औषध त्याला मारेल."

मी बोलले. औषधाचं नाव, टाकी, पाणी, चौघं, सगळं. आई बाकावर बसून माझ्याकडं बघत होती. तसं तिनं माझा संसार मोडला तेव्हाही बघितलं नव्हतं.

भाऊ वाचला. रक्तात काविळीचा जंतू निघाला, सुईतून एकाचा दुसऱ्याच्या रक्तात जातो तो. सुईतली घाण हृदयापर्यंत पोचून झडप अधू झाली. आता तो वैरणीचा भारा उचलला तरी धापा टाकतो. बाकीच्या तिघांच्या घरी मी स्वतः गेले, रक्त तपासा म्हणून. दोन घरांनी दारातूनच हाकललं. तिसऱ्या घरात चहा दिला आणि सांगितलं, "आमचा पोरगा तसला न्हाय."

घरात भाऊ माझ्याशी बोलत नाही. आईमार्फत निरोप येतो. परवा पाहुण्यांदेखत मात्र तो स्वतः बोलला, माझ्याकडं न बघता.

"आक्कानं तोंड उघडलं, आन् माझी भरती गेली."

आईनं मान हलवली. मी दोन तास तोंड मिटून बसले होते, त्याचा दोष मला आजवर कुणीही दिलेला नाही.