चार हजर तर रविवार

शेताशेतांतून पायी फिरणारी माणसं चालतात कमी आणि थांबतात जास्त. आणि थांबलं की किस्सा झालाच! आमच्या अकोल्याच्या ग्रुपचे दोन हिवाळ्यांत इतके किस्से साचलेत, की कोणता कोणाच्या नावावर, यावरूनही वाद होतात.

ग्रुप म्हणजे चौघं. सुधाताई, रिटायर्ड मुख्याध्यापिका. तायडे, रिटायर्ड पोस्टमन. इंगळे, मेडिकल स्टोअरवाला. आणि मी, कॉलेजच्या लायब्ररीतला. दर रविवारी सकाळी बार्शीटाकळी रोडवरच्या चहाच्या टपरीवर भेटायचं आणि दोन तास चालायचं.

मागच्या थंडीत आम्ही एकेक जण पांघरुणातच राहू लागलो आणि शेवटी सुधाताई टपरीवर एकट्याच उभ्या राहिल्या. या वर्षी त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "चार आले तर चालायचं. तीन झाले, त्या दिवशी ग्रुप बंद! मले पुन्हा एकटीले उभं राहाचं नाही."

घरीही त्या एकट्याच. रविवार गेला तर आठवडाभर त्यांच्याशी बोलणारं कोणी नाही. खरं सांगतो, माझंही काही फार वेगळं नाही.

* * *

आम्ही का चालतो, हे कोणालाच कळत नाही. हरभऱ्याला पाणी देणाऱ्या एका कास्तकाराने विचारलं, "कोनाच्या वावरात चालले?"

"कोणाच्याच नाही. नुसतं फिरतोय."

"मंग जासान कुठी?"

"परत टपरीवर."

"आन् आले कुठून?"

"टपरीवरूनच."

त्याने फावडं खाली ठेवलं. "मंग निंगालेच काहून?"

 

* * *

धुक्यात, म्हणजे आमच्याकडच्या धुईत, माकडटोपी घातली की सगळे सारखेच. इंगळेने एकदा टपरीवरून तायडेचा हात धरला आणि घरची गाऱ्हाणी सांगत किलोमीटरभर नेलं. सून, गुडघा, दुकान, सगळं! शेवटी सोबतचा माणूस हळूच म्हणाला, "भाऊ, मले तं एसटी पकडाची होती."

"अरे, मग आधी सांगायचं ना!"

"तुमी रडाले आले होते. कसं सांगू?"

* * *

तायडे म्हणाला, "तीस वर्षं या भागात टपाल वाटलं. डोये झाकून नेतो!" आणि त्याने आम्हाला तुरीत घातलं. तुरी आमच्या डोक्यावरून गेलेल्या, वरून धुई. तासभर आम्ही त्याच्या पाठोपाठ चालत होतो. दिसेल त्याला राम राम करायची त्याची सवय.

शेवटी बाजूच्या पराटीत कापूस वेचणारी बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "भाऊ, तिसऱ्यांदा राम राम करून राह्यले तुमी. काही काम आहे का मायाशी?"

* * *

इंगळे कपाशीच्या बोंडांचे फोटो काढत होता. एवढ्यावर गावात बातमी गेली की पंचनामेवाले आले! पाच मिनिटांत दहा-बारा माणसं सातबारा घेऊन हजर.

"आम्ही सरकारी नाही हो," सुधाताई म्हणाल्या.

"नसान, पन लिहून तं घ्या!" एक म्हातारी म्हणाली. "कोनी येतच नाही लिहाले."

सुधाताईंनी खाली बसून सगळ्यांची नावं आणि बोंडअळीचं नुकसान लिहून घेतलं. सोमवारी स्वतः तहसील ऑफिसात नेऊन दिलं. क्लार्कने कागद उलटसुलट पाहिला. "मॅडम, तुम्ही कोणत्या विभागाच्या?"

"रविवारच्या!"

* * *

आणि आता पौषातला तो रविवार. तायडे आदल्या दिवशी म्हणाला होता, की तो बहिणीकडून परस्पर शेतांतून येईल. टपरीवर आम्ही तिघं. धुई अशी की समोरचा रस्ता दिसेना. साडेसात झाले, आठ झाले. तायडेचा फोन लागेना.

सुधाताईंनी मफलर घट्ट केला. "तीनच झाले," त्या म्हणाल्या. आणि घराच्या दिशेने वळल्या. 

तेवढ्यात धुईतून हाक आली. "ओऽऽय!"

"तायडे!" इंगळे ओरडला. "इकडं! टपरीवर!"

"ओऽऽय!"

"अरे, ये ना मग!"

दहा मिनिटं तो हाका मारतोय, आम्ही बोलावतोय, आणि येत कोणीच नाही. सुधाताईंना वाटलं, हा पडला-बिडला असेल. आम्ही तिघं हाकेच्या दिशेनं शेतात घुसलो. ओल्या हरभऱ्यातून बूट भिजले. बांधावर एक बांबू रोवलेला, त्यावर डबा, डब्यात स्पीकर. रानडुकरं पळवायला कास्तकाराने स्वतःचा आवाज भरून ठेवलेला! तायडे बहिणीकडे ढाराढूर झोपला होता, हे आम्हाला दुपारी कळलं.

आम्ही दोघं सुधाताईंच्या तोंडाकडे बघत उभे राहिलो. त्या डब्याकडे बघत होत्या. 

मग शाळेतल्यासारख्या ताठ उभ्या राहिल्या. "इंगळे?"

"हजर."

मला विचारलं. मी हजर म्हणालो. मग त्या म्हणाल्या, "सुधा हजर." आणि डब्याकडे वळल्या.

"ओऽऽय!"

"चार," सुधाताई म्हणाल्या. "चाला!"