डेल्मर क्वास्टने दिलेला आऊट

डेल्मर क्वास्टचं केस कापायचं दुकान माझ्या बूटदुरुस्तीच्या दुकानाला लागून होतं. मध्ये फक्त एक लाकडी भिंत. त्यामुळे आमच्या बेकर्स फोर्ड गावात कोण कुणाबद्दल काय बोलतं ते मला टाचा ठोकता ठोकता कळायचं. डेल्मर स्वतः कमी बोलायचा. बेसबॉलचे नियम मात्र त्याला तोंडपाठ होते, आणि तेच त्याला भोवलं.

एकावन्न साली आमचा संघ, बॅजर्स, पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोचला. लीग सगळ्यात खालच्या दर्जाची होती, पण आम्हाला तीच मोठी. त्या दुपारी लीगच्या पंचाची गाडी वाटेतच बंद पडली. हजारभर माणसं उन्हात बसलेली. शेवटी दोन्ही संघांचे मॅनेजर डेल्मरकडे आले. तो पाद्रीबाबांची दाढी करत होता.

"एवढी उरकतो आणि येतो," तो म्हणाला.

"राहू दे अर्धी," पाद्रीबाबा म्हणाले. "मलाही सामना बघायचाय."

शेवटच्या डावात आम्ही एका धावेने मागे होतो. ड्वेन स्टर्टझ, बाहेरून आणलेल्या खेळाडूंच्या संघातला आमच्या गावचा एकमेव पोरगा, धावत आला आणि घसरत होम प्लेटकडे, म्हणजे पाय लागला की धाव मिळते त्या जमिनीतल्या पांढऱ्या पाटीकडे गेला; तिथल्या खेळाडूने त्याला चेंडू टेकवला. धुळीचा हा लोट उठला. धूळ बसेपर्यंत डेल्मर वाकून बघत राहिला. मग त्याने मूठ वर केली. आऊट. सामना संपला.

संध्याकाळी त्याने मला विचारलं, "उद्या दुकान उघडू का रे?"

"उघड. पण वस्तरे आत ठेव."

वस्तऱ्यांची गरजच पडली नाही. तीन आठवडे त्याच्याकडे कुणी फिरकलं नाही. बँकेच्या मॅनेजरचे केस त्याच्या बायकोने डोक्यावर वाडगा ठेवून कापले. तो बँकेत हॅट घालूनच कामाला बसायचा. शेतकऱ्यांनी मेंढ्यांच्या कात्र्या काढल्या. पाद्रीबाबा आपली आपण दाढी करायचे आणि रविवारी हनुवटीला कागदाचे तुकडे चिकटवून प्रवचन द्यायचे. डेल्मर रोज सकाळी खुर्ची पुसायचा आणि त्याच खुर्चीत बसून पेपर वाचायचा.

मग ड्वेनचं लग्न आलं. नवरीने, लॉरेटाने, त्याला बजावलं, "अशा झिपऱ्या घेऊन माझ्याशेजारी उभं राहायचं नाही." ड्वेन मागच्या दाराने डेल्मरकडे आला. मी हातोडी खाली ठेवली.

कात्री वाजू लागली. मग ड्वेन म्हणाला, "काका, एक सांगू? माझा पाय प्लेटला लागलाच नव्हता. वीतभर बाजूने गेला."

कात्री थांबली.

"आणि हे तू आज सांगतोयस?"

"सांगणारच होतो. पण हॉटेलवाल्या पोडोलबाई मला रोज डुकराचे चॉप फुकट खाऊ घालायला लागल्या. म्हणाल्या, बिचाऱ्यावर फार अन्याय झाला. आणि चॉप चांगले असतात हो त्यांचे."

"मान सरळ ठेव," डेल्मर म्हणाला. पोरगा गेल्यावर भिंतीवर टकटक झाली. "ऐकलंस ना? कुणाला बोलू नकोस. लग्न होऊ दे त्याचं."

मी कबूल केलं. पण दुपारी जेवायला गेलो, तर पोडोलबाई डेल्मरच्या नावाने बोटं मोडत होत्या. मला राहवलं नाही.

संध्याकाळी ड्वेनसमोर नुसती काळी कॉफी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला डेल्मरच्या दारात रांग. माफी कुणीच मागितली नाही. बँकेच्या मॅनेजरने हॅट काढली आणि म्हटलं, "जमेल तेवढं बघ." डेल्मरने त्या डोक्याभोवती दोनदा चक्कर मारली. "बायको बरी आहे ना?" त्याने विचारलं, आणि कामाला लागला. लग्नाच्या फोटोत सगळ्या पुरुषांच्या मानेवर पांढरे पट्टे दिसतात. केस होते तिथे ऊन लागलं नव्हतं.

पुढच्या वर्षी लीगने डेल्मरला रीतसर पंच नेमलं. दोन उन्हाळे तो गावोगाव फिरला. सगळीकडे शिव्या खाल्ल्या आणि खुशीत परत आला. "तिथल्या लोकांची दुसऱ्या दिवशी दाढी करावी लागत नाही," तो म्हणायचा.

त्रेपन्नपर्यंत घरोघरी टीव्ही आले. मैदानावर शंभर माणसं जमेनात, आणि संघ बंद पडला, मागोमाग लीगही. डेल्मर पुन्हा दिवसभर दुकानात दिसू लागला. आता तो थोडा जास्त बोलायचा, आणि भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं.