गहिनीनाथच्या वाट्याची गोळी

गहिनीनाथने पहिल्याच भेटीत मला ठार मारायचा प्रयत्न केला. हत्यार होतं बुंदी. राहुरीजवळच्या एका लग्नात मी पानावर दोन्ही हात आडवे धरून बसलो होतो, तर या माणसाने बोटांच्या फटींतून बुंदी गाळली. "हात काढा पाहुनं, न्हाईतर हातावर वाढीन," म्हणाला आणि वाढलीच. मग मठ्ठा, मग पुन्हा बुंदी. मला मांडवाचे खांब दुप्पट दिसू लागले. शेजारचे दोघे मला धरायला उठले, पण तेवढ्यात त्यांचीही पानं भरली, म्हणून निमूट खाली बसले. त्या दिवशी मी जेवढं खाल्लं, तेवढ्यात एखादी वस्ती पावसाळा काढेल.

वाढपी हा त्याचा धंदा. राहायला केडगावात एक खोली, आणि लग्नसराईत जिल्हाभर पंगती. वय चाळिशीच्या आसपास, पोट धंद्याला शोभेल असं. समोर माणूस बसला की आधी त्याच्या पानात पडलं पाहिजे, आपलं नंतर, हे त्याच्या हाडात मुरलेलं. चहाच्या टपरीवरसुद्धा हा स्वतःची बिस्किटं आधी शेजाऱ्याला देतो, मग पुडा रिकामा झालेला पाहून समाधानाने हसतो.

दुसऱ्यांदा तो भेटला तो नगरमध्ये, आमच्यासारख्या, म्हणजे पुरुषांवर जीव जडणाऱ्या पुरुषांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या बाकावर. मी दचकलो. तो मुळीच दचकला नाही. म्हणाला, "तवा मठ्ठा कमी घेतला तुमी."

तिथल्या समुपदेशक दयाताई. त्यांनी त्याचं रक्त तपासून घेतलं, एचआयव्ही नाही याची खात्री केली आणि मग प्रेपच्या गोळ्या दिल्या. ज्याला एचआयव्ही झालेला नाही, त्याला तो होऊ नये म्हणून घ्यायचं हे औषध. गहिनीनाथला रोज लागणार नव्हतं. त्याचा मित्र जेम्स एमआयडीसीत फिटर, आठवड्याच्या सुट्टीला तेवढा यायचा. म्हणून दयाताईंनी लागेल तेव्हा घ्यायची पद्धत समजावली: जवळ यायच्या किमान दोन तास आधी दोन गोळ्या एकदम, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला एक, तिसऱ्या दिवशी एक. गहिनीनाथने सगळं घोकून म्हणून दाखवलं. दयाताई खूश झाल्या.

पुढे चार-पाच महिन्यांनी टपरीवर मी सहज विचारलं, "गोळ्या वेळेवर घेतोस ना?"

"एकदम टायमावर," तो अभिमानाने म्हणाला. "दोन काढल्या की आधी एक जेम्सला. मग एक मी."

"आणि दुसऱ्या दिवसाची?"

"ती त्याच्या डब्यात घालून देतो. तिसऱ्या दिवसाची माजी."

माझा चहा बशीतच राहिला. या महापुरुषाने औषधाचीही पंगत बसवली होती. मी त्याला तसाच उठवून दयाताईंकडे नेला.

दयाताई शांत बाई, पण त्या दिवशी त्यांचा चष्मा दोनदा नाकावरून घसरला. "गहिनीनाथभाऊ, हे औषध आहे. एका माणसाचं पूर्ण घ्यायचं असतं."

"ताई, समूर मानूस बसलेलं. त्याला बगत बसवून मी एकटा कसा खाऊ?"

"निम्म्या गोळ्यांनी तुमचाही बचाव नाही आणि त्यांचाही नाही. आणि जेम्सची तपासणी कुठे झालीय? आजार आधीच असला, तर अशी एखादी गोळी पोटात गेल्याने पुढे हेच औषध त्यांना लागू पडेनासं होऊ शकतं."

तेव्हा कुठे त्याचा चेहरा उतरला. आपण इतके दिवस काय वाढलं, हे त्याला कळलं.

त्याचं रक्त लगेच घेतलं. खरी अडचण जेम्सची होती. संस्थेत रक्त घेणारी बाई त्याच्याच चर्चमधली, म्हणून तो तिथे पाय ठेवत नव्हता. गहिनीनाथकडून मिळणाऱ्या गोळ्यांवर त्याचं निभत होतं. पुढच्या सुट्टीला तो आला तेव्हा मीही खोलीवर होतो. गहिनीनाथने मटण वाढलं, भाकरी वाढली, आणि म्हणाला, "गोळी मातर आजपासून न्हाई."

जेम्स हसला. "नाथा, तू नाही म्हणायला कधी शिकला?"

"आधी तपासून घे. मंग तुजी तुला, माजी मला."

"म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नाही."

"इस्वासाचं कुठं काय? माज्याच हातानं तुला काय झालं आसंल तर मी काय करू?"

जेम्सने ताट सरकवलं. गहिनीनाथने पुन्हा वाढलं नाही. त्या खोलीत असं कधी घडलं नव्हतं. हात धुऊन आल्यावर जेम्स म्हणाला, "चर्चमधली बाई नसेल तिथं चल."

दयाताईंनी त्याला राहुरीच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. गहिनीनाथ सोबत गेला. एरवी प्रवासात हा माणूस अख्ख्या एसटीला शेंगदाणे वाटतो. त्या दिवशी पुडी खिशातच राहिली.

गहिनीनाथचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, नंतर पुन्हा तपासला तोही निगेटिव्ह. जेम्सचा पॉझिटिव्ह आला. आजार कधीचा, हे सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. सुदैवाने औषध लागू पडलं. जेम्सला रोजची गोळी सुरू झाली आणि त्याने एकही चुकवली नाही. काही महिन्यांत त्याच्या रक्तातला विषाणू इतका कमी झाला, की गोळ्या चालू आहेत तोवर जवळ आल्याने त्याच्यापासून कोणाला लागण होणार नाही, असं दयाताईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं.

दिवाळीच्या आधी जेम्सला चाकणला नोकरी लागली. जाताना म्हणाला, "नाथा, तुला पाहिलं की तो रिपोर्टच आठवतो." तो गहिनीनाथचा फोन उचलत नाही.