आत्याचा हळदीतला फोटो

पुण्याच्या एका कार्यशाळेत तीन दिवस मी पालक, बीट आणि हळद कागदाला फासायला शिकलो. शिकवणारे गृहस्थ खादीतले. कॅमेऱ्याने फोटो कोणीही काढतो म्हणे, खरा कलावंत तो वनस्पतीच्या रसात छापतो. आम्ही दहा-बारा दीडशहाणे माना डोलवत होतो. मी शाळेत चित्रकला शिकवतो, त्यामुळे माझी मान जरा जास्तच डोलली.

कर्जतजवळच्या आमच्या गावी परतलो तो सगळ्यांना तुच्छ लेखतच. तालुक्यातले फोटोवाले मला वाढदिवसाचे फ्लेक्स छापण्यापलीकडे कशाच्याच लायक वाटेनात. तीन दिवसांत कसला कलावंत होतोय, म्हणजे पी हळद आणि हो गोरी, असं वडील म्हणाले. त्यांनाही मी अडाण्यांत काढलं.

छापायला चेहरा हवा होता. कार्यशाळेतल्या मंडळींत सुरकुत्यांना फार भाव, म्हणून आत्याला गाठलं. ही वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला, तेव्हापासून आमच्याकडेच. तिचा फोटो काय तो आधार कार्डावरचा, त्यात ती पकडून आणल्यासारखी दिसते. आपला एक बरा फोटो असावा, असं ती मला कितीदा म्हणाली होती. तेव्हा मला वेळ नव्हता. आता मात्र ती धुतलेलं पातळ नेसून, डोक्यावर पदर घेऊन माझ्यापुढे ताठ बसली.

हळद स्पिरिटमध्ये कालवून कागदावर फासली आणि अंधारात वाळवली. वर आत्याचा चेहरा छापलेली पारदर्शक शीट, तिच्यावर काच, आणि गच्चीवर दोन तास ऊन. उघडी हळद उन्हाने उडते, झाकलेली राहते. मग कागद टाकणखाराच्या पाण्यात बुडवला की राहिलेली हळद लाल होते.

चेहरा सुरेख उठला, पण कपाळाच्या मधोमध एक लाल ठिपका. शीटखाली कसलासा कचरा अडकला होता. एवढा खटाटोप करून हे असं! मी चिडून कागद फाडला.

आत्या मागेच उभी होती. तिने दोन्ही तुकडे मागून घेतले, खाली बसून मांडीवर जुळवले आणि बराच वेळ बघत राहिली.

"ही हळदच हाय ना?"

"हळदच. तो ठिपका चुकून पडलाय. उद्या स्वच्छ करून देतो."

"उद्याचा तुला ठेव. मला ह्योच दे." तुकडे पदराखाली घेत ती म्हणाली, "आन् तुझ्या आईला सांगू नगं."

दुसऱ्या दिवशीचा फोटो अगदी स्वच्छ आला. कार्यशाळेच्या ग्रुपवर टाकल्याबरोबर अंगठ्यांचा पाऊस पडला. त्या मोकळ्या कपाळात कोणाला तर म्हणे शांतता दिसली. मी त्याचे आभार मानले. त्याची किळस आली, पण माझी जास्त आली.

संक्रांतीला आईने हळदीकुंकू केलं. गल्लीतल्या बायका यायला लागल्या तशी आत्या कोणी न सांगता उठली आणि मागच्या खोलीत जाऊन बसली. मी पुढच्या खोलीत बायकांसाठी सतरंजी अंथरून दिली.