मणेरणीचं दुकान

परवा कपाट आवरताना वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या सापडल्या आणि पारनेरच्या बाजारातली नव्वदच्या दशकातली ती दुपार आठवली. सासूबाईंना विस्मरणाचा आजार जडला होता. सासरे वारले, हेही त्या विसरल्या होत्या. नातेवाइकांनी येणं सोडलं होतं, त्यामुळे सासूबाईंचं सगळं मी एकटीच बघायचे. त्या दिवशी माझा हात सोडवून त्या बांगड्यांच्या दुकानात शिरल्या आणि मनगट पुढे करून म्हणाल्या, "हिरव्या भरा, आज हे यायचेत." विधवेच्या तोंडी ते ऐकून बायका हसल्या. मी त्यांना ओढू लागले, तशी बांगड्या भरणारी मणेरीण म्हणाली, "वढू नका, बसू द्या आजींना." तिने सावकाश एकेक बांगडी भरली, सासऱ्यांच्या गोष्टी ऐकल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, तुमी बी मागं जरा पडा. मी हाय." आतल्या चटईवर मी तासभर गाढ झोपले. आता त्याच आजाराने माझे यजमान मला ओळखत नाहीत. काल त्यांना केस कापायला नेलं, तर सलूनवाला म्हणाला, "गर्दी नसेल तेव्हा आणा." गर्दी कधी नसते, हे विचारायचा मला धीर झाला नाही.