बाणातला ण

फुलपाड्यातल्या आमच्या इमारतीच्या जिन्याच्या कठड्याला सकाळपासून कुणीतरी ऑइलपेंट मारतंय. टर्पेंटाइनचा वास दाराच्या फटीतून आत आला आणि मी खाटेवर उठून बसलो. सून म्हणाली, "बाबा, खिडकी उघडते, डोकं धरेल." मी म्हटलं, राहू दे. ज्या वासात उभा संसार झाला त्यानं माझं डोकं कसं धरेल? बायको केसांना खोबरेल लावायची, त्यावर चाफ्याचं फूल माळायची, तरी त्या सगळ्यातून हाच वास यायचा. परक्याला तो झोंबेल. मला तो घरी कुणी असल्यासारखा वाटतो.

आम्ही दोघं पाट्या रंगवायचो. अक्षरं माझी, चित्रं तिची. वसईच्या बाजारातली दुकानं, टेम्पोच्या पाठीवरची फुलं, नाताळात येशूजन्माच्या गोठ्यामागचं चांदण्यांचं आभाळ, लग्नाच्या दिवसांत घरांच्या भिंतींवर नवरानवरीची नावं, सगळं आमच्या हातचं. ती सोनचाफा असा काढायची की माणसं जवळ जाऊन नाक लावत आणि रंग नाकाला घेऊन जात. चाकरी कुणाची केली नाही. पुढे छापील फलक आले, तेव्हा एका छापणाऱ्यानं सावलीतली नोकरी देऊ केली. मी विचारलं, "तुझ्या मशिनला हात आहेत ना? मग माझे कशाला मागतोस?" बायकोनं मागून सदरा ओढला, पण हसू तिलाही आवरलं नव्हतं.

मी चौथीत शाळा सोडली. खरं तर शाळेनंच मला सोडलं. अक्षर हातात होतं, शुद्धलेखन नव्हतं. आमच्या मिठागराकडच्या गावात ण कुणाच्या जिभेला लागतच नाही. पानी, लोनी, बहीन. कानालाच जो फरक कळत नाही तो ब्रशला कुठून कळणार? तीही त्याच गावची, पण सातवी शिकलेली. शाळेतल्या बाईंनी पाटी पुसून पुसून तिच्या हातात ण घातला होता. मी शिडीवर, ती खाली रंगाचा डबा धरून.

"अहो, बाणातला ण."

"माहीत आहे."

"माहीत होतं तर नळातला का काढलात?"

मी मुकाट्यानं पुसायचो आणि गिऱ्हाइकानं पाहिलंच तर सांगायचो, रंग ओघळला होता. चाळीस वर्षांत माझा रंग फार ओघळला. चूक मात्र एकही झाली नाही; निदान मी तरी कधी कबूल केली नाही.

आमचं ते शेवटचं वर्ष दसऱ्याला सुरू झालं असं मी धरतो. एका मिठाईवाल्याच्या पाटीवर तिनं मोर काढला आणि पिसाऱ्यात डोळे भरायचे विसरली. नाताळात निळा डबा हातात घेऊन मला विचारलं, "हा कुठला रंग?" मी थट्टा समजून हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. डॉक्टरांनी सांगितलं की हिची आठवण अशीच हळूहळू जाईल, तर मी डॉक्टरांशीच भांडून आलो. ती भांडली नाही. घरी येऊन ब्रश धुता धुता एवढंच म्हणाली, "अहो, मला येईनासं झालं तर लोकांना कळलं तरी चालेल. मला कळू देऊ नका."

उन्हाच्या दिवसांत माणिकपूरच्या रिक्षावाल्यांनी स्टँडवर पाणपोई घातली. वर नाव काढायला मी शिडीवर चढलो. हा शब्द जन्मात कितीदा काढला असेल; कानाला नसला तरी हाताला तो पाठ होता. पा झाला. ब्रश पुढे वळला, तोच खालून आवाज आला, "नळातला न काढा."

मी खाली पाहिलं. डबा दोन्ही हातांनी धरलेला, मान वर, चेहऱ्यावर तीच जुनी खात्री. तिच्या जिभेवर आमचं गाव परत आलं होतं.

मी नळातला न काढला. जीव ओतून काढला, कड जराही हलू दिली नाही.

"काका, इथं पान मिळणार वाटतं!" एक रिक्षावाला ओरडला.

"चुना कमी लाव रे माझ्याला," दुसरा म्हणाला.

"आमच्यात पानीच म्हणतात," मी म्हटलं.

"म्हणत असाल हो, पण लिहिता का?"

"अक्षर माझं आहे. नको असेल तर छापून आणा."

महिनाभर स्टँडवर हसं झालं. म्हातारा हट्टाला पेटलाय, म्हणाले. दोन जुनी गिऱ्हाइकं तुटली. हट्टी तर मी आहेच. जन्मभर त्या हट्टाचा तिला त्रासच झाला होता, एवढा एकदा तो तिच्या कामी आला.

मग एका दुपारी दवाखान्यातून येताना आम्ही स्टँडवर उतरलो आणि ती थबकली. वर पाहून एकेक अक्षर वाचलं. डोळे एकदम लख्ख, पहिल्यासारखे.

"अहो, हे कुणी काढलं? पानपोई! नळातला न?"

रिक्षावाले वळून पाहू लागले. मी म्हटलं, "मी काढलं. चुकलो."

हा शब्द त्या नाक्यानं माझ्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तिनंही नव्हता ऐकला. रंग ओघळला, असं म्हणायचं मला सुचलंसुद्धा नाही. तिनं कमरेवर हात ठेवला. "मी खाली उभी नसले की तुमचं हे असं होतं," म्हणाली आणि पोट धरून हसली. बाकीचेही हसले. फक्त तो चुन्याची थट्टा करणारा हसला नाही. त्या दिवशी शिडीच्या पायथ्याशी तोच उभा होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. तो उठला, रांजणातून पेला भरून आणला आणि म्हणाला, "मावशी, घ्या. काकांना आम्ही पण सांगून दमलो."

दुसऱ्या दिवशी मी डबा-ब्रश घेऊन निघालो. तिनं विचारलं, कुठं? म्हटलं, तो न दुरुस्त करायला. "कसला न?" ती म्हणाली. मी पिशवी खाली ठेवली.

भिंतीचं काम केलेल्याला एक गोष्ट ठाऊक असते. रंगाचा वरचा हात उन्हापावसात आधी उडतो. खाली पहिल्यांदा दिलेलं अस्तर मागं राहतं. तिचंही तसंच होत गेलं. बाईंनी शिकवलेलं गेलं, चाफा गेला, मोर गेला, मुलांची नावं गेली, शेवटी माझंही गेलं. आईच्या मांडीवर शिकलेले चार शब्द तेवढे उरले. भाद्रपदात ती गेली. त्याआधी कितीतरी दिवस ती अंथरुणातून माझ्याकडे अनोळखी माणसाकडे पाहावं तशी पाहायची आणि म्हणायची, "पानी." मी मानेखाली हात घालून पाजायचो. त्या शब्दात दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं.