कॅलेंडरवरच्या बुड्या

माझी भाची समुद्राच्या तळाशी जाऊन मासे बघते. नुसते बघते हो, एकही आणत नाही. आमच्या चौलच्या किनाऱ्याचं पाणी गढूळ, म्हणून ती पाठीवर हवेची टाकी बांधून पार मालवणला, अंदमानला उतरते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच मी अट घातली, पाण्याबाहेर आलीस की मला फोन करायचा. ती फोनवर म्हणायची, "मावशी, वर आले." मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहायचे, 'वर आली'. गॅसचा सिलिंडर, दुखरी दाढ, माझं सगळं तिथेच असतं.

गेल्या महिन्यात बाईसाहेब रो-रो बोटीने आल्या त्या तोंड पाडूनच. खोल पाण्यातला पुढचा कोर्स करायचा होता आणि शिकवणाऱ्या सरांनी लॉगबुक मागितलं होतं. म्हणजे वही. प्रत्येक बुडी कुठे, किती खोल, किती वेळ, सोबत कोण. हिची वही चौथ्या पानावरच थांबलेली.

"लिहायची सक्ती आहे का गं?"

"कायद्याने नाही. हौशी माणसाला कोण धरतंय? पण वहीच नसली तर मला काय येतं ते सरांना कळणार कसं? बसवतील नवशिक्यांबरोबर उथळ पाण्यात."

"मग बस की. मी जन्मभर गुडघाभर पाण्यातच उभी राहिलेय."

"मावशी, थट्टा नको ना!"

तिचा बेत असा, की आठवून आठवून पन्नास बुड्या लिहून काढायच्या. एका दुपारी, एकाच पेनाने! लहानपणी ही सुट्टीतलं शुद्धलेखनसुद्धा शाळा उघडायच्या आदल्या दिवशीच लिहायची.

मी फळ्यांवर अंथरलेली जुनी कॅलेंडरं ओढून काढली, डबे खाली ठेवून. ओटीवर बसून दोघींनी 'वर आली'चे चौकोन मोजले. सत्तावीस. बुड्यांची खोली माझ्याकडे कुठली असणार? ती तिच्या मनगटावरच्या यंत्रात निघाली, तीही यंत्र घेतल्यानंतरच्या बुड्यांची. आणि शेवटची 'वर आली' चौदा महिन्यांपूर्वीची.

"छे! परवा तर गेले होते."

परवा म्हणे.

मीच तिला सरांना फोन लावायला लावला, खरं ते सांग म्हटलं. सर म्हणाले, सत्तावीस चालतील, पण खंड मोठा पडलाय. आधी माझ्यासोबत एक उथळ बुडी मार, मग खोलाचं बघू. फोन ठेवल्यावर हिचा चेहरा असा, जसं काही बालवाडीत घातलं.

जरा वेळाने मोबाइल पुढे केला. "एक राहिली. हा बघ कासवाचा फोटो, तारीखसुद्धा आहे."

तारीख होती, पण माझा चौकोन कोरा. त्या दिवशी कासवाच्या नादात फोन राहिला होता. मी बिरड्याचे वाल सोलत संध्याकाळपर्यंत फोनजवळ बसले होते. घरात खाणारी मी एकटी, आणि वाल सोलले पंगतीचे.

"ही धरायची नाही," मी म्हटलं.

"अगं, अठ्ठावीस होतात!"

"माझ्या कॅलेंडरप्रमाणे तू अजून खालीच आहेस."

ती हसायला गेली आणि मध्येच थांबली. माझ्या हातातलं पेन घेतलं, त्या कोऱ्या चौकोनात वाकून लिहिलं, 'वर आले'. खाली सहीसुद्धा केली.

"आता?"

"आता लिही वहीत. अठ्ठावीस."

अक्षर मात्र अजून कोंबडीच्या पायाचंच आहे. सरांना वाचता आलं म्हणजे मिळवली.